बोटीचा पेट्रोलचा काटा खोटं का दाखवतो आणि तो ताळ्यावर कसा आणायचा

काटा अर्ध्यावर म्हणजे टाकीत अर्धं पेट्रोल, हा हिशोब गाडीत बऱ्यापैकी चालून जातो, बोटीत नाही चालत. आणि गाडी बंद पडली तर निदान बाजूला घेऊन पंपापर्यंत चालत जाता येतं, बोट बंद पडली की पुढचं सगळं वारा आणि ओहोटी ठरवणार. तरी बहुतेक जण काय करतात, काटा चुकतोय असं वाटलं की पहिला डॅशबोर्डवरचा गेज बदलतात, नवीन गेज पण तेच दाखवतो, मग मेकॅनिकवर राग. गेज बिघडतो, नाही असं नाही, पण त्याच्या आधी संशय घ्यायचा तो टाकीवरच्या सेंडरवर आणि खाऱ्या हवेने खाल्लेल्या वायरींवर. आणि कित्येकदा तर काहीच बिघडलेलं नसतं! टाकीचा आकारच असा असतो की काटा अगदी व्यवस्थित चालूनही लिटर चुकतात.

हे सगळं मी लिहितोय ते १६ ते २५ फुटी पेट्रोल बोटींसाठी, म्हणजे मांडवा, गोवा, मालवण-तारकर्ली भागात दिसतात तशा, आउटबोर्डवाल्या (इंजिन मागे बाहेर टांगलेलं) किंवा इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत), ज्यांची टाकी डेकखाली फिक्स आहे. लाल रंगाची सुटी २४-२५ लिटरची टाकी वापरत असाल तर वायरिंगचा सगळा भाग सोडा, तुमच्या कामाचं शेवटी शेवटी आहे.

काटा नक्की मोजतो काय

लिटर मोजत नाही, हे पहिलं डोक्यात पक्कं करा. टाकीवर वरून एक सेंडर बसवलेला असतो, आपले मेकॅनिक त्याला फ्लोट किंवा सेन्सर म्हणतात, त्याला एक तरंगणारा गोळा असतो, पेट्रोल वरखाली झालं की गोळा वरखाली होतो आणि त्याप्रमाणे सेंडरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. गेज हा रेझिस्टन्स बघून काटा हलवतो. बास. म्हणजे टाकीतल्या एका ठिकाणी पेट्रोलची उंची किती, एवढंच त्याला कळतं, टाकी रुंद आहे की निमुळती, बोट सरळ आहे की पुढून उचललीये, तळाला पाणी आहे का, यातलं काहीही त्याला कळत नाही. पाण्यावरही गोळा तरंगतोच, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या बोटीत तळाला पाणी साचलं असेल तर काटा ते पण पेट्रोल म्हणूनच दाखवणार.

आता आकाराचं गणित बघा. बोटीचा तळ इंग्रजी व्ही सारखा असतो म्हणून डेकखालच्या बऱ्याच टाक्यांचा तळही तसाच निमुळता असतो. समजा १०० लिटरची टाकी आहे, खोली ३० सेंमी, त्यातले वरचे १५ सेंमी सरळ चौकोनी आणि खालचे १५ सेंमी व्ही. काटा अर्ध्यावर म्हणजे उंची १५ सेंमी, तेव्हा टाकीत असतात फक्त ३३ लिटर. पाववर आला की उंची साडेसात सेंमी, तेव्हा किती? २५ नाही, ८ लिटर. हो, आठ! आणि त्या आठातलेही काही इंजिनला मिळत नाहीत कारण पेट्रोल ओढणारी नळी तळापासून थोडी वर असते. म्हणूनच लोकं म्हणतात की वरचा अर्धा हळू उतरतो आणि अर्ध्यानंतर काटा धाडकन पडतो. त्यात काटा खराब नाही हो, टाकी निमुळती आहे.

दुसरी भानगड बोटीच्या कलाची. बोट प्लेनवर आली, म्हणजे वेगात पाण्याच्या वरून घसरत पळायला लागली, की नाळ (पुढचं टोक) वर, पेट्रोल सगळं मागे. दीड मीटर लांब टाकी नुसती ३ अंश कलली तरी दोन टोकांच्या पातळीत जवळपास ८ सेंमीचा फरक पडतो, आणि टाकीच ३० सेंमी खोल. सेंडर टाकीच्या बरोब्बर मध्ये असेल तर फार फरक नाही, पण पुढच्या टोकाला असेल तर पळताना कमी दाखवणार आणि मागे असेल तर जास्त. म्हणून पळत्या बोटीतलं रीडिंग रीडिंग नाहीच. थांबा, बोट स्थिर होऊ द्या, माणसं जागेवर बसू द्या, सगळे एका बाजूला फोटो काढायला गेले असतील तर तेव्हा बघू नका, मग काटा वाचा.

आधी हे ठरवा: तुमची सिस्टीम अमेरिकन की युरोपियन

हे कोणी बघत नाही आणि इथेच अर्धा घोळ आहे. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना सेंडर सुमारे २४० ओहम (रेझिस्टन्सचं माप) दाखवतो आणि भरलेली असताना सुमारे ३३. युरोपियन पद्धतीत एकदम उलटं, रिकामी १० आणि भरलेली १८०. आपल्याकडे बोटी बनतात त्या मिळेल तो माल लावून, हल म्हणजे बोटीचा सांगाडा लोकल यार्डात, इंजिन जपानी किंवा अमेरिकन, गेज एका दुकानातून, सेंडर दुसऱ्या, त्यामुळे गेज एका पद्धतीचा आणि सेंडर दुसऱ्या पद्धतीचा अशी जोडी जमणं अजिबात अवघड नाही. अशा बोटीत पेट्रोल भरलं की काटा खाली जातो आणि संपत आलं की वर! असं काही दिसलं तर पुढची तपासणी करायचीच गरज नाही, जोडी चुकलीये. गेजच्या मागे किंवा सेंडरच्या डोक्यावर आकडे छापलेले असतात, २४०-३३ किंवा १०-१८०, ते जुळले पाहिजेत. काही डिजिटल गेजमध्ये मेनूत किंवा मागच्या छोट्या स्विचवर पद्धत बदलता येते, तसं असेल तर काहीच विकत घ्यायला नको.

आणि एक गोष्ट, खाऱ्या पाण्यात ही फार महत्त्वाची आहे. वायर किंवा जोड गंजला की रेझिस्टन्स वाढतो. अमेरिकन पद्धतीत रेझिस्टन्स वाढला की काटा खाली, म्हणजे आहे त्यापेक्षा कमी पेट्रोल दिसतं, चिडचिड होते पण जीवाला धोका नाही. युरोपियन पद्धतीत मात्र रेझिस्टन्स वाढला की काटा वर! वायर पूर्ण तुटली तर थेट फुल्ल. म्हणून युरोपियन सेंडर असलेल्या बोटीत दोन तास फिरूनही काटा फुल्लवरच असेल तर खुश व्हायचं नाही, घाबरायचं.

हात लावायच्या आधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, खाली बसून राहते. सगळी झाकणं उघडा, इनबोर्ड असेल तर ब्लोअर, म्हणजे आतली हवा बाहेर फेकणारा पंखा, निदान ४ मिनिटं चालवा (अमेरिकन बोटींवर तसं लेबलच लावलेलं असतं) आणि मग नाकाने वास घ्या, वास येत असेल तर काम बंद, आधी गळती शोधा. विडी-सिगरेट लांब, मोबाईल लांब, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. टाकीजवळच्या वायरी काढायच्या-जोडायच्या त्या बॅटरीचा मेन स्विच बंद करूनच. सामान फार लागत नाही: एक साधा मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हर, दोन्ही टोकांना क्लिप असलेली वायर, सँडपेपरचा तुकडा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर.

पायरी १: गेज स्वतः ठीक आहे का

गेजच्या मागे साधारण तीन टर्मिनल असतात, आय म्हणजे इग्निशनवरून येणारा प्लस, जी म्हणजे ग्राउंड आणि एस म्हणजे सेंडर. अमेरिकन कलर कोड पाळला असेल तर सेंडरची वायर गुलाबी, इग्निशनची जांभळी आणि ग्राउंडची काळी, पण लोकल वायरिंगमध्ये रंगावर विश्वास ठेवू नका, हातातली वायर जिथे जाते तिथपर्यंत बघा.

चावी ऑन करून आय आणि जी मध्ये व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या आसपास पाहिजे, बॅटरीवर साडेबारा आणि इथे अकराच्या खाली म्हणजे मध्ये कुठेतरी जोड खराब आहे. फ्युएलसोबत टेंपरेचर, ट्रिम असे सगळेच काटे वेडेवाकडे चालत असतील तर सेंडरकडे बघूच नका, डॅशबोर्डची कॉमन ग्राउंड वायर धरा.

आता चावी बंद करून एस वरची वायर काढा, मग चावी ऑन करा. अमेरिकन गेज असेल तर काटा एम्प्टीच्या खाली गेला पाहिजे. पुन्हा चावी बंद, क्लिपवाली वायर एस आणि जी मध्ये लावा, चावी ऑन, काटा फुल्लला गेला पाहिजे. युरोपियन असेल तर दोन्ही उत्तरं उलटी. डिजिटलवाल्यांना वायर काढल्यावर काट्याऐवजी रेषा किंवा एरर दिसू शकतो, ते ठीक आहे. दोन्ही उत्तरं बरोबर आली की गेज चांगला आहे, दुकानात जायचं नाही. ही टेस्ट मुद्दाम डॅशबोर्डकडे करायला सांगतोय कारण इथे ठिणगी पडली तर टाकीपासून लांब पडते, बरेच जण डायरेक्ट टाकीवर झाकण उघडून वायरी ठोकतात ते नका करू.

पायरी २: सेंडरचा ओहम मोजा, दोन ठिकाणी

बॅटरीचा मेन स्विच बंद. सेंडरची वायर अजून गेजपासून सुटीच आहे, तिच्यात आणि ग्राउंडमध्ये मल्टीमीटरने ओहम मोजा, रेंज २००० वर ठेवा. आकडा लिहून घ्या. मग टाकीकडे जा, तिथे सेंडरच्या टर्मिनलवरची वायर काढून थेट सेंडरवर, म्हणजे त्याचं टर्मिनल आणि त्याच्या ग्राउंडमध्ये मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर वायरिंग चांगली. डॅशबोर्डकडे १४० आणि सेंडरवर १०० असं आलं तर मधले ४० ओहम गंजाचे आहेत, आणि अमेरिकन गेजवर एवढ्याने अर्धी टाकी पावच्या जवळ दिसू शकते. अमेरिकन सेंडर निम्म्या उंचीवर १०० ओहमच्या आसपास असतो, युरोपियन ९० च्या आसपास, त्यामुळे टाकीत साधारण किती आहे हे माहीत असेल तर सेंडर खरं बोलतोय की नाही ते इथेच कळतं.

सेंडरवर मीटर काहीच दाखवत नाही, ओपन, म्हणजे आतली तार तुटली. आकडा येतो पण बोट हलवली तरी बदलतच नाही म्हणजे गोळा अडकला. बोट हलवताना आकडा मध्येच गायब होऊन परत येतो म्हणजे आतली पट्टी झिजली, सेंडर बदलायचा.

पायरी ३: ग्राउंड आणि जोड

खरं सांगायचं तर कोकण किनाऱ्यावरच्या बोटीत अर्ध्याहून जास्त दुखणी इथेच बरी होतात असं माझं मत आहे. सेंडरच्या ग्राउंडचा स्क्रू सोडा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) हिरवी पडली असेल तर कापून टाका, घासत बसू नका, कारण गंज वायरीच्या आत वरपर्यंत चढलेला असतो. वायर कापत मागे जा, तांबं चकचकीत दिसेल तिथपर्यंत. काळं तांबं लांबपर्यंत गेलं असेल तर पूर्ण वायरच नवीन टाका, आणि ती कल्हई केलेली मरीन वायर घ्या, घरगुती फिटिंगची वायर एक-दोन सीझनमध्ये परत काळी पडते. नवीन थिंबल क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, वरून आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. हीटश्रिंक तापवायचं काम टाकीजवळ लायटरने करायचं नाही, हे लिहायला लागतं म्हणजे बघा! वायर शक्य तितकी वर, बाहेर आणून तिथे तयार करा आणि मग खाली न्या.

टाकीला आणि फिलरच्या (पेट्रोल ओतायच्या भोकाच्या) धातूच्या तोंडाला जोडलेली एक हिरवी वायर दिसेल, ती काटा चालवायला नाही, पेट्रोल भरताना तयार होणारी स्थिर वीज उतरवायला असते. अमेरिकन नियमात फिलर आणि टाकीचे धातूचे भाग ग्राउंडला १०० ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्सने जोडलेले असावे लागतात. मीटर हातात आहेच तर ती पण तपासून घ्या. काही जण काट्याच्या नादात ती वायर काढून फेकतात, ते करू नका.

पायरी ४: सेंडर बाहेर काढायची वेळ आली तर

टाकी शक्यतो पावच्या खाली असताना काढा. आधी सेंडरच्या आजूबाजूची वाळू, मीठ, कचरा ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर उघडल्याबरोबर सगळं टाकीत. साधारण पाच स्क्रू असतात आणि त्या पाचातलं एक भोक मुद्दाम थोडं सरकवलेलं असतं, म्हणजे सेंडर एकाच दिशेने बसतो, तरी मार्करने खूण करून ठेवा. स्क्रू जाम असेल तर गंज सोडवायचं तेल लावून थांबा आणि हातानेच सोडवा, ड्रिल मशीनच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात.

बाहेर काढला की दोन प्रकार दिसतील. एक झोके घेणाऱ्या दांडीचा, जुना, स्वस्त. दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवत ओहम बघा, आकडा एकसारखा सरकला पाहिजे. दांडी वाकलीये का, टाकीतल्या आडव्या पत्र्याला घासल्याच्या खुणा आहेत का, गोळा पेट्रोल पिऊन जड झालाय का तेही बघा. दुसरा उभ्या नळीचा, नळीवर गोळा सरकतो आणि आतले छोटे चुंबकी स्विच लागत जातात, हा स्टेनलेसचा घेतला तर खाऱ्या हवेत चांगला टिकतो आणि लाटांत काटा कमी नाचतो. फक्त तो पायऱ्या-पायऱ्यांनी सरकतो, एक पायरी साधारण दोन सेंमीची, म्हणून काटा बराच वेळ एका जागी बसून मग एकदम खाली उतरला तर दचकू नका. नवीन घ्यायचाच असेल तर मी नळीवालाच घेईन.

माप असं घ्या: भोकातून कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत सोडून टाकीची आतली खोली मोजा. नळीवाला सेंडर खोलीपेक्षा एक-दोन सेंमी आखूड घ्या, तळाला टेकता कामा नये. दांडीवाल्याचा मधला सांधा खोलीच्या निम्म्यावर येतो, दांडीची लांबी सोबतच्या कागदावर दिलेली असते. गॅस्केट पेट्रोलला चालणारं नायट्राईल रबराचं. साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा. नंतर टाकी भरली की टिश्यू पेपर गॅस्केटभोवती फिरवून ओल येतेय का बघा, हे करेपर्यंत झाकण बंद करायचं नाही.

जाता जाता पेट्रोलबद्दल. आता आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि बऱ्याच आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, तुमचं मॅन्युअल उघडून बघा. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणात ६-७ टक्के कमी, त्यामुळे जुन्या वहीतले तासाला इतके लिटर हे आकडे आता तसेच लागू होत नाहीत. वर ते पाणी ओढतं, जास्त पाणी झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि मघाशी म्हटलं तसं काट्याला ते कळत नाही.

पायरी ५: लिटरचा तक्ता, खरं काम हे

इथपर्यंत केलं की काटा उंची बरोबर दाखवायला लागला. आता उंचीचे लिटर करायचे. परदेशात लोकं जेटीवरच्या पंपावर बोट लावतात आणि फुल्ल करतात, त्यांना मधले आकडे कळतच नाहीत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पेट्रोल रस्त्यावरच्या पंपावरून कॅनने आणायला लागतं, वैताग आहे, पण या एका कामाला तो वैतागच फायद्याचा, कारण प्रत्येक कॅन म्हणजे मोजलेलं माप.

आधी टाकी रिकामी करा. समुद्रात पेट्रोल संपेपर्यंत फिरायचं नाही आणि इंजेक्शनवालं इंजिन कोरडं चालवायचं नाही, त्याचा हाय प्रेशर पंप पेट्रोलनेच थंड राहतो. इंजिनाकडे जाणारा पाइप सोडा आणि प्रायमर बल्ब (पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबत दाबत पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये घ्या, वेळखाऊ आहे, हात भरून येतो, पण याच मार्गाने काढायचं कारण असं की बल्ब हवा ओढायला लागला तिथे तुमचा खरा शून्य आहे. त्याखाली जे उरलंय ते टाकीत आहे पण इंजिनचं नाही. त्या क्षणी काटा कुठे आहे ते लिहा. काही बोटींत तेव्हाही काटा एम्प्टीच्या चांगला वर असतो, म्हणजे ‘अजून थोडं आहे’ म्हणत होतात ते खोटं होतं.

बोट पाण्यात पाहिजे, ट्रेलरवर नको, कारण ट्रेलरवरचा कल वेगळा. अँकर, बॅटऱ्या, आईसबॉक्स नेहमीच्या जागी. भरताना माणसं सगळी खाली उतरवायची, इंजिन आणि इलेक्ट्रिक बंद, शोषून घेणारं फडकं फिलरभोवती, आणि धातूचं नरसाळं फिलरच्या तोंडाला टेकवून धरायचं. कॅन पंपावर भरताना जमिनीवर ठेवून भरा, गाडीच्या डिकीत ठेवून नाही.

१० लिटर ओता, झाकण लावा, वास गेला की चावी ऑन करून काटा बघा, लिहा, चावी बंद. मल्टीमीटरने ओहम पण घेतला तर सोन्याहून पिवळं, काटा उद्या बदलला तरी ओहमचा तक्ता तसाच राहतो. परत १० लिटर. असं टाकी ९५ टक्क्यांपर्यंत, उन्हात पेट्रोल फुगतं म्हणून काठोकाठ भरायचीच नाही. कॅनवरच्या खुणांचा भरवसा नसेल तर वजन करा, १० लिटर पेट्रोल साधारण साडेसात किलो भरतं.

मघाच्या त्या १०० लिटरच्या टाकीचा तक्ता असा येईल: पाव म्हणजे ८, अर्धा म्हणजे ३३, पाऊण म्हणजे ६७, फुल्ल म्हणजे १००, आणि यातून न मिळणारे लिटर वजा. तुमचे आकडे वेगळे असतील. कार्ड लॅमिनेट करून स्टिअरिंगजवळ चिकटवा, गेजच्या काचेवर दहा-दहा लिटरचे बारीक रंगाचे ठिपके दिले तर अजून छान, दिसायला भारी नाही पण खलाशी कोणीही असो त्याला लगेच कळतं. ज्यांच्याकडे एनएमईए २००० चं (बोटीतली उपकरणं एकमेकांना जोडणारं) नेटवर्क आणि मल्टिफंक्शन डिस्प्ले आहे त्यांना हेच आकडे सेंडरच्या अडॅप्टरमध्ये भरता येतात, मग स्क्रीनवर थेट खरे लिटर. काट्याचा आकडा सरळ करायला वायरीत जास्तीचे रेझिस्टर घालायचे उद्योग मात्र करू नका, एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला चुकतं.

पायरी ६: काट्याला एक साक्षीदार हवाच

काटा कितीही सुधारला तरी एकट्यावर विसंबून निघायचं नाही. नवीन इंजेक्शनवाली इंजिनं स्वतःच सांगतात की आत्तापर्यंत किती लिटर जाळलं. हा आकडा बहुतेक वेळा काट्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो, फक्त त्याला एकदा जुळवून घ्यायचं. टाकी ठराविक खुणेपर्यंत भरा, आकडा शून्य करा, फिरा, परत त्याच खुणेपर्यंत भरा. डिस्प्ले म्हणतोय ५० जाळले आणि भरायला लागले ५४, तर १.०८ ने गुणा, किंवा सेटिंगमध्ये तेवढं वाढवा. पण त्याला गळती कळत नाही, रात्री कोणी पाइप लावून काढून नेलं तेही कळत नाही, आणि भरल्यावर तुम्ही आकडा टाकायला विसरलात तर सगळाच हिशोब बोंबलला. म्हणून दोन्ही बघायचं, इंजिनच्या आकड्यावरून उरले ४० आणि कार्डावर काटा म्हणतो ३८ तर ठीक, ४० आणि २० असेल तर जेटी सोडायची नाही.

जुनं कार्ब्युरेटरवालं इंजिन असेल तर वही आणि अवर मीटर. ढोबळ नियम असा की पेट्रोल इंजिन फुल्ल थ्रॉटलला दर एचपीमागे तासाला ०.३८ लिटरच्या आसपास पितं, म्हणजे ४० एचपीला १५ लिटर, ११५ एचपीला ४४ लिटर. नवीन फोरस्ट्रोक थोडं कमी पितात, जुने टूस्ट्रोक जास्तही पितात. क्रूझला हे बरंच खाली येतं, तुमचा आकडा तुमच्या वहीतूनच येणार.

सुट्या टाकीवाल्यांचं सोपं आहे, झाकणातला छोटा यांत्रिक काटा नुसता इशारा समजा, टाकी उचलून बघा किंवा लगेज काट्याला लटकवून वजन करा. रिकाम्या टाकीचं वजन वजा केलं आणि ०.७५ ने भागलं की लिटर. याच्याइतकं अचूक काहीच नाही, उगाच नाही जुने तांडेल टाकी हलवून आवाजावरून सांगत!

ट्रिप ठरवताना

एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव, हा जगभरचा नियम, पण तो लिटरवर लावायचा, काट्याच्या रेघांवर नाही. व्ही टाकीत काट्याचा शेवटचा तृतीयांश म्हणजे १४-१५ लिटरच असतात, राखीव म्हणून तेवढ्यावर बसायचं नाही.

गेटवे ते मांडवा घ्या, सरळ रेषेत सात-आठ नॉटिकल मैल. समजा ११५ एचपीची बोट २२ नॉटने तासाला २५ लिटर खाते, म्हणजे जायला वीसेक मिनिटं आणि ९ लिटर. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर वायव्येचा वारा चढला की मांडव्याहून परत येताना तो समोरून, लाटा आपटायला लागतात, प्लेनवर राहता येत नाही, बोट ८ नॉटवर येते आणि नाळ वर करून पाणी ढकलत राहते. तासाला १५ लिटर धरले तरी तेवढंच अंतर आता तासभर खातं, १५ लिटर. आणि तुम्ही मांडव्याहून निघालात काटा पाववर बघून, ‘पंचवीस लिटर आहे की’ म्हणत, प्रत्यक्षात होते आठ. वर खळबळीत पेट्रोल टाकीत इकडून तिकडे आपटतं, ओढनळी मध्येच उघडी पडते आणि हवा जाऊन इंजिन त्या आठातले दोन-तीन शिल्लक असतानाच बंद पडतं.

हा तक्ता एकदा केला म्हणजे कायमचा झाला असं धरू नका. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात टाकली की फुल्लचा आणि एखादा मधला असे दोन ओहम मोजून कार्डाशी जुळवा, दहा मिनिटांचं काम. पाण्याचा सेपरेटर फिल्टर त्याच वेळी काचेच्या बरणीत रिकामा करून बघा, तळाला वेगळा थर दिसला तर टाकीतही पाणी आहे, ते आधी काढा. आणि मागे जुन्या टूस्ट्रोकऐवजी जड फोरस्ट्रोक टांगलं, किंवा पुढे जास्तीची बॅटरी ठेवली, तर बोट उभी राहण्याचा कलच बदलतो. तेव्हा कॅन आणून तक्ता परत पहिल्यापासून करायला लागतो.